वाळू मेंगाळचं पाकीट

१

ज्या वर्षी देवजी आगिवल्याच्या धाकट्या सुनेला जुळं झालं, ते साल दोन हजार चार. विसरायची सोयच नव्हती. देवजीने दाराच्या आतल्या कुडावर स्वतःच्या हाताने खडूने लिहून ठेवलं होतं : ‘मंगळवार, ९ नोव्हेंबर २००४. दोन मुलगे.’ अक्षरं शेळीच्या लेंड्यांसारखी सुटी सुटी, पण चुकलेलं एकही नव्हतं. देवजी पन्नाशीत साक्षरतेच्या वर्गाला बसला होता, आणि तेव्हापासून दिसेल ते वाचायचा, सुचेल ते लिहायचा.

जुळं आलं तेही नेमकं वाघबारशीला. धसईच्या वरची अख्खी खैरवाडी त्या दिवशी गुरांसकट डोंगरातल्या वाघदेवाला गेलेली. घरी राहिली देवजीची बायको सावळी, अडलेली सून काशी आणि दिवाळीच्या सुट्टीत आलेली नात प्रियांका. सावळी पुढे ज्याला त्याला सांगायची, “पाणी तापवायला माणूस मिळंल म्हणून वीसच्या वीस घरं हिंडले. एका घरात कुत्रं सुदिक नव्हतं गो!”

आनंद अकरा दिवस टिकला. बारशाची तयारी चालू असतानाच, शनिवारी सकाळी वाळू मेंगाळ गेला. वाळू देवजीचा लहानपणापासूनचा जोडीदार, दोघांनी मिळून गुरं राखलेली. शेवटच्या दोन आठवड्यांत त्याचे डोळे हळदीसारखे झाले होते आणि पाय सुजून केळीच्या खुंटासारखे. बारसं पुढे ढकललं.

सोमवारी दुपारच्या आधी संदेशची मोटारसायकल वाडीत चढली. संदेश सापगावचा, चोवीस वर्षांचा, बीएस्सी झालेला. मुंबईच्या एका औषध कंपनीचं काम करायचा. कंपनीची सांधेदुखीची नवी गोळी बाजारात यायची होती. त्याआधी ती माणसांवर तपासून बघायची म्हणून वाडीतल्या वीस जणांना, घरटी एकाला, दसऱ्याच्या आधीपासून ती चालू होती. दर मंगळवारी संदेश वर यायचा, नव्या आठवड्याच्या गोळ्यांचं पाकीट द्यायचा, काही त्रास आहे का विचारायचा आणि नोंदवहीत लिहायचा. वाळू मेल्यावर त्याच्या जागी त्याच्या बायकोचं, जनाचं नाव घालून घेतलं होतं. तिचेही गुडघे दुखायचेच. रविवारी तिला पहिलं पाकीट मिळालं होतं.

“आजोबा, नोंदवही गेली,” संदेश उंबऱ्यावर टेकत म्हणाला. “धसईच्या खोलीत कपाटात होती. कुलूप शाबूत, वही गायब.”

“मंग?”

“मी दर आठवड्याला मुंबईला पाठवायची नक्कल काढतो. ती आहे. फक्त तिच्यावर तुमची सही पाहिजे. तुम्हीच वाडीचे साक्षीदार ना.”

तसा तो होताच. ज्याला वाचता येत नाही त्याच्या अंगठ्याशेजारी वाचता येणाऱ्या माणसाची सही लागते, आणि जुन्या माणसांत वाचता येणारा देवजी एकटा. संमतीपत्र चार पानांचं होतं, बारीक अक्षरातलं. देवजीने बोट ठेवून पहिलं पान वाचलं तोवर कंपनीच्या डॉक्टर साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं. उरलेली तीन पानं देवजीने विश्वासावर सोडली आणि वीस वेळा झोकात सही केली. आयुष्यात एवढ्या सह्या त्याने कधी केल्या नव्हत्या. घरी येऊन सावळीला तर्जनीवरची शाईसुद्धा दाखवली होती.

आता त्याला ती शाई आठवली. त्याने नक्कल घेतली, पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं.

“वाचायची गरज नाही हो, नुसती सही,” संदेश म्हणाला.

“मागच्या टायमाला असंच झालं रे,” देवजी म्हणाला आणि वाचू लागला.

दुसऱ्या पानावर एका ओळीशी त्याचं बोट थांबलं. 

२

“सही संध्याकाळी देईन. धसईला येतो मीच,” देवजी म्हणाला. कागद त्याने टोपीत घातला आणि टोपी डोक्यावर घातली. टोपीतून कागद मागायची हिंमत संदेशला झाली नाही.

तो खाली गेल्यावर देवजी आणि प्रियांका जनाकडे गेले. प्रियांका वीस वर्षांची, शहापूरला राहून औषधनिर्माणाच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला शिकत होती. वाळू गेल्याचं कळून ती आदल्या दिवशीच आली होती, आणि त्याच्या पिवळ्या डोळ्यांचं ऐकून तिला त्या गोळीचाच संशय येत होता.

जना ओटीवर भात पाखडत होती. कोनाड्यात नवं पाकीट होतं. त्यातल्या दोन गोळ्या कमी झाल्या होत्या.

“काकी, त्या गोळ्या नको घेऊस गो सध्या,” प्रियांका म्हणाली.

“का? त्याला झाली ती कावीळ. गोळीनं व्हय?” जनाने सूप खाली ठेवलं. “आन् तुझ्या आज्याची सही हाय ना त्या कागदावर? मंग भ्या कसलं?”

देवजीला ठसका लागला. पाणी पिऊन त्याने विचारलं, “जने, वाघबारशीला वाळू देवाला नाय आला. चाळीस वर्सं शेंदूर त्योच लावायचा. या खेपेला मीच लावला. कुठं गेलता?”

“खाली. कुठं त्ये नाय बोलला. लंगडत गेला नि लंगडत आला. आल्यावर म्हणला, लिवून घेतलंय, आता काळजी नाय.”

“कोणी लिवून घेतलं?”

“त्ये मी कशाला इचारू? लिवलेलं तुमाला समजतं, आमाला नाय.”

परत येताना प्रियांका म्हणाली, “आजा, नुसतं आपल्या बोलण्यावर ही माणसं गोळ्या सोडणार नाहीत. डॉक्टर साहेब येऊन सांगणार, वाळूकाका दारू प्यायचा म्हणून गेला. त्याला त्रास होता हे कुठं लिहिलंय का, हाच सवाल आहे. आणि लिहिलेली वही नेमकी गेलीय.”

“उद्या वार कोनता?”

“मंगळवार.”

उद्या वीस नवी पाकिटं वाडीत येणार होती. देवजीने चपला घातल्या.

३

धसईच्या बाजारपेठेमागे कंपनीने एक खोली भाड्याने घेतली होती. तिथे रेश्मा बसायची. बावीस वर्षांची, नर्सिंगचा छोटा कोर्स केलेली, वजन-रक्तदाब बघायला ठेवलेली. कपाटाच्या किल्ल्या दोनच, एक संदेशकडे, एक तिच्याकडे.

देवजी प्रियांकाला घेऊन पोचला तेव्हा दुपार झाली होती. रेश्मा खुर्चीत, मांडीवर डब्याची कापडी पिशवी. पुढ्यात कागदावर वडापाव, समोरच्या गाडीवरून आणलेला.

“बसा ना आजोबा. अर्धा खाता?”

“खा गो बाय, मी जेवून आलो.”

प्रियांका उघड्या कपाटाशी गेली. आत खोक्यात प्रत्येकाचं जुनं पाकीट नाव लिहून ठेवलं होतं. किती गोळ्या उरल्या ते मोजायला ही पाकिटं परत घेतात, हे तिला कॉलेजात शिकवलेलं.

“एकोणीसच आहेत, आजा. वाळूकाकाचं नाही.”

“संदेशने मला फक्त वहीचं विचारलं. पाकिटाचं मला माहीत नाही,” रेश्मा घाईने म्हणाली.

देवजीने तिला उगाच इकडचं तिकडचं विचारलं. आई कशी आहे, भात झोडून झाला का. मग म्हणाला, “वाळूला तू कधी बघितलं होतंस शेवटचं?”

“दसऱ्याला. वजन घेतलं तेव्हा. नंतर नाही.” तिने पाव मोडला, पण तोंडात घातला नाही. “चांगला माणूस होता. चपला हातात धरून पायऱ्या चढायचा बिचारा, सुजलेल्या पायांत घालता येत नव्हत्या म्हणून.”

 देवजीने तिच्या मांडीवरच्या पिशवीकडे बघितलं, मग वडापावकडे, मग बाहेर.

“नोंदवही कुणी नेली असेल?” प्रियांकाने विचारलं.

रेश्माने आवाज खाली केला. “साईनाथला विचारा. मयताच्या दिवशी सगळ्यांच्या देखत ओरडला होता संदेशवर, ‘तुझी वही जाळून टाकीन.’”

४

साईनाथ वाळूच्या बहिणीचा मुलगा, धसईतच वाढलेला. मुरबाडजवळच्या एका औषधाच्या कारखान्यात गोळ्यांच्या पॅकिंगला होता. सेकंड शिफ्टला जायच्या घाईत, एसटीच्या थांब्यावर उभा होता.

“बोललो तर बोललो! मामा होता माझा,” तो म्हणाला. “पण जाळायची तर गपचूप जाळीन का? बाजाराच्या मधोमध जाळली असती. आन् शनिवारी मयत उरकून मी कारखान्यात हजेरीचा पंच लावलाय, चार ते बारा. विचारा जाऊन.”

“तुला राग संदेशचा का कंपनीचा?” देवजीने विचारलं.

साईनाथने पिशवी खाली ठेवली. “संदेशचा नाय खरा. आमच्याकडं पण तेच चालतं, बाबा. मशीनमधून तुटकी गोळी आली की लिहायला पाहिजे. लिहिलं की लाइन थांबते. लाइन थांबली की साहेबाचं तोंड वाकडं. मग पोरं काय करतात? लिहीतच नाय. गोळी वाईट नसते प्रत्येक वेळेला. वाईट काय असतं, तर न लिहिणं.”

“मग तू लिहितोस?” प्रियांकाने टोमणा मारला.

“कधी लिहितो, कधी नाय. तू अजून कॉलेजात हायस, तुला सोपं हाय.”

“सोपं नाही रे. आमच्या वर्गातली निम्मी पोरं म्हणतात, आधी नोकरी लागू दे, नीतिबीती मग बघू. त्यांच्याशी रोज भांडते मी.”

“आन् नोकरी लागली की?”

 एसटी वळणावर दिसली. साईनाथ पिशवी खांद्याला लावत म्हणाला, “एक चांगली रीत मात्र हाय आमच्याकडं. प्रत्येक लॉटमधल्या थोड्या गोळ्या कपाटात बाजूला ठेवतात, वर्षानुवर्षं. उद्या कोण मेलं-बिलं, तक्रार आली, तर त्या काढून तपासायच्या. पुरावा म्हणून.”

देवजीने त्याचा दंड धरला. “आज शिफ्ट सोड, साईनाथ. एक खाडा होऊ दे.”

“का?”

“वही कुठं हाय, मला समजलं.”

५

संदेश येईपर्यंत देवजी खोलीत गप्प बसून राहिला. मग टोपी काढून त्याने नक्कल टेबलावर पसरली. चौघं तरुण उभे, म्हातारा एकटा बसलेला.

“मी हळू वाचतो,” तो म्हणाला. “जो उशिरा शिकतो त्याला अक्षर गाळायला जमत नाय. संदेश, ही वळ वाच बाबा.”

संदेशने वाचली. “नऊ नोव्हेंबर. वाडीला भेट. वीस घरं. वीस जण प्रत्यक्ष भेटले. तक्रार नाही.”

“माझ्या घरी कुडावर हीच तारीख हाय. त्या दिवशी माझी नातवंडं झाली. आन् माझी म्हातारी पाण्याला माणूस शोधत वीस घरं फिरली, तिला एक जण नाय भेटला. तुला वीस कसे भेटले?”

प्रियांका म्हणाली, “वाघबारस होती. मी घरीच होते. मोटारसायकलचा आवाजसुद्धा झाला नाही.”

संदेशच्या कानाची पाळी लाल झाली. सापगावात वाघबारशीला गाव रिकामं होत नाही. त्याच्या ते डोक्यातच आलं नव्हतं. “मी खाली चहाच्या टपरीवर बसून भरलं,” तो शेवटी म्हणाला. “गाडी पंक्चर होती. रकाना रिकामा ठेवला की मुंबईहून फोन येतो. पण वही मी नाही नेली, आजोबा! आईशप्पथ.”

“त्ये मला म्हाईत हाय. वहीत तू खोटं लिवलं, नक्कलेत तेच. वही असली काय, नसली काय, तुला सारखीच. पन चोरानं वहीसंगं वाळूचं पाकीट पन नेलं. वहीचा नाश करनारा उरलेल्या गोळ्यांचं काय करनार? साईनाथ म्हनतो, पुराव्याला गोळ्या बाजूला ठेवतात. मंग हा चोर नव्हं. हा राखनारा हाय.”

देवजीने नकलेवरचं बोट उचललं.

“वाघबारशीला वाळू लंगडत खाली आला. कोनीतरी त्याचं लिवून घेतलं. संदेश टपरीवर बसलेला. मंग लिवनारं इथं कोन होतं?” देवजी रेश्माकडे वळला, आवाज मात्र चढवला नाही. “दसऱ्याला वाळू वाडीत नाचला, बाय. पाय सुजलं ते दिवाळीच्या तोंडाला. त्याच्या हातातल्या चपला तुला कशा दिसल्या?”

रेश्माने पिशवी छातीशी धरली.

“आन् डबा मांडीवर असताना कोन वडापाव आणून खातं गो?”

तिचे डोळे भरले. तिने पिशवीची नाडी सोडली. आत डबा नव्हताच. निळ्या पुठ्ठ्याची वही होती, आणि वहीत घडी करून ठेवलेलं पाकीट.

६

वहीत नऊ नोव्हेंबरच्या पानावर, संदेशच्या ‘तक्रार नाही’च्या खाली, बारीक गोल अक्षरात लिहिलं होतं : ‘वाळू मेंगाळ स्वतः खोलीवर आले. डोळे पिवळे. लघवी लाल. दोन्ही पाय सुजलेले. गोळी बंद करावी का, साहेबांना विचारणे. रेश्मा.’

“संदेशला दाखवलं होतं मी त्याच संध्याकाळी,” रेश्मा म्हणाली.

सगळे संदेशकडे बघू लागले. तो खाली स्टुलावर बसला. “मी साहेबांना फोन केला. ते म्हणाले, वयाचं दुखणं आहे, गोळी चालू ठेवा, नकलेत घेऊ नका. साहेब डॉक्टर आहेत. मी कोण बोलणारा?” त्याने मान वर केली. “आजोबा, नवी गोळी कुणालातरी आधी घ्यावीच लागते. नाहीतर औषधं निघणारच नाहीत. मी स्वतःला हेच सांगत होतो.”

“घ्यावीच लागते,” प्रियांका म्हणाली. “पण त्याला सांगून. आणि तो दुखतंय म्हणाला की थांबवून. तेवढंच तर काम होतं आपलं.”

“शनिवारी ते गेल्याचं कळलं,” रेश्मा डोळे पुसत म्हणाली, “आणि वाटलं, आता हे पान फाटणार. म्हणून उचललं. पण द्यायचं कुणाला? पोलिसांत गेले तर म्हणतील, कंपनीच्या कपाटातून चोरलं. घरी ठेवलं तर आई घाबरेल. तीन दिवस ही पिशवी खाली ठेवली नाही मी. मला वाटायचं, कुणीतरी येऊन विचारावं.”

“इचारलं मी, तर खोटं बोललीस,” देवजी म्हणाला.

“भीती वाटली, आजोबा. सगळ्या कागदांवर साक्षीदार म्हणून तुमचीच सही आहे.”

देवजीने मान हलवली. त्याला हे उत्तर अपेक्षित होतं, तरी लागायचं तेवढं लागलंच.

संदेशने खिशातून पेन काढलं. नकलेच्या त्या ओळीखाली त्याने स्वतः लिहिलं, ‘९ नोव्हेंबर रोजी मी वाडीत गेलो नाही. वाळू मेंगाळ यांची तक्रार मला माहीत होती.’ खाली सही केली. पेन ठेवताना म्हणाला, “नोकरी गेली.”

“आमच्याकडं पॅकिंगला जागा हाय,” साईनाथ म्हणाला. “फक्त तिथं पन लिहावं लागंल.”

संदेश हसला नाही, पण साईनाथने पुढे केलेला चहा त्याने घेतला.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, पाकिटं वाडीत आली नाहीत. वही, नक्कल आणि वाळूचं पाकीट घेऊन पाचही जण पहिल्या एसटीने तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे गेले. त्याने सगळं वाचलं, पोच दिली आणि तपास होईपर्यंत गोळ्या बंद ठेवायचा लेखी निरोप काढला. तो निरोप देवजीने वाडीत पारावर उभं राहून मोठ्याने वाचला, शिक्क्यावरच्या अक्षरांसकट. मग एकोणीस घरं आणि विसावी जना, सगळ्यांनी आपापल्या गोळ्या आणून त्याच्या टोपीत टाकल्या. जनाच्या पाकिटातल्या चार कमी होत्या. तिचे डोळे प्रियांका पुढे महिनाभर उन्हात नेऊन बघत राहिली. ते पांढरेच राहिले.

कंपनीने संक्रांतीच्या आत धसईची खोली रिकामी केली. चूक झाली, असं कुणी कधी म्हणालं नाही. तपासाचं पुढे काय झालं ते वाडीपर्यंत आलं नाही.

पण एक काम देवजीने त्या सोमवारीच, वही हातातून जाण्याआधी उरकून घेतलं होतं. त्याने आधी प्रियांकाला संमतीपत्राची राहिलेली तीन पानं मोठ्याने वाचायला लावली. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं, त्रास झाल्यास रुग्णाला गोळी केव्हाही थांबवता येईल. ते वाक्य त्याने पुन्हा वाचून घेतलं.

मग त्याने वही पुढे ओढली. वाळूच्या नावापुढचा शेवटचा रकाना कोराच होता. देवजीने पेन घट्ट धरलं आणि सुट्या सुट्या अक्षरांत, एकही न गाळता, तो भरला :

‘वाळू धर्मा मेंगाळ, राहणार खैरवाडी, वय ५८. गोळी चालू असताना शनिवार, २० नोव्हेंबर २००४ रोजी सकाळी वारला. साक्षीदार, देवजी आगिवले.’